नागपूर परिसरातील खडक व दृश्यांश

नागपूर शहर आणि त्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या पायथ्याचा प्रदेश भूवैज्ञानिक दृष्ट्या महाराष्ट्रात वेगळा उठून दिसतो. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्टच्या एकाच आवरणाखाली झाकलेला आहे. हे आवरण नागपुरापाशी संपत येते आणि त्याखालचे जुने खडक उघडे पडतात. त्यामुळे शहरापासून देवलापारपर्यंतच्या एका दिवसाच्या वाटेवर पट्टिताश्म (नीस), सौसर गटाचे रूपांतरित खडक, गोंडवनी वालुकाश्म आणि दख्खनचा बेसाल्ट असे चारही खडक पाहता येतात. जमिनीवर उघड्या पडलेल्या अशा खडकांना ‘दृश्यांश’ म्हणतात. या भागातील टाकळी, कामठी, मनसर, चोरबाहुली ही गावांची नावे खडकांच्या थरांना दिली गेली असून भारतीय भूविज्ञानात ती रुळली आहेत.

शहरातील खडक : नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर आहे. शहराच्या पश्चिम भागात बेसाल्ट, पूर्व भागात पट्टिताश्म व सुभाजा (शिस्ट) यांसारखे स्फटिकी खडक, तर उत्तरेस गोंडवनी वालुकाश्म व मृत्तिका आढळतात. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स ही बेसाल्टची उंचवट्याची ठिकाणे. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये भोसले व इंग्रज यांची लढाई सीताबर्डीच्या टेकडीवर झाली. सपाट शहरात तोफा रोखायला हीच उंच जागा होती, आणि ती उंची झिजेला टिकून राहिलेल्या बेसाल्टची आहे.

रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या कडेला बेसाल्टची झीज नीट दिसते. मधोमध काळाभोर, टणक गोटा असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तपकिरी थर सुटत गेलेले असतात. बाहेरचा पापुद्रा बोटाने दाबला तरी भुगा होतो. हाच भुगा म्हणजे मुरूम. मुरूम आणखी झिजला की काळी माती तयार होते. जिल्ह्याच्या पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर या तालुक्यांतील संत्र्याच्या बागा याच बेसाल्टपासून बनलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. पूर्वेकडे रामटेक, मौदा या भागांत खडक आणि माती बदलते, तसे पीकही बदलते आणि धानाची बांधी दिसू लागते.

टाकळीचे जीवाश्म : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा टप्प्याटप्प्याने वाहत आला. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात लाव्ह्याच्या पृष्ठावर तळी साचली, त्यांत गाळ बसला, झाडेझुडपे व जीव वाढले. पुढच्या लाव्ह्याखाली हे सगळे गाडले गेले. अशा थरांना अंतरा-ट्रॅप थर म्हणतात. आज शहरात मोडणाऱ्या टाकळी येथील थर यांतील नामांकित आहे. त्यातील चर्ट या टणक खडकाच्या तुकड्यांत गोड्या पाण्यातील फायसा या गोगलगायीचे शंख जसेच्या तसे जपलेले आढळले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जमिनीवर तेव्हा गोड्या पाण्याची तळी होती, याचा हा हाती धरता येणारा पुरावा आहे.

हे जीवाश्म जगापुढे आणण्याचे श्रेय स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) यांना जाते. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर व जीवाश्मांवर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने चालते, तर ‘हिस्लोपाइट’ हे खनिजाचे नावही त्यांच्यावरून पडले.

शिलावर्तुळे : काटोल मार्गावरील जुनापाणी येथेही अशी शिलावर्तुळे आहेत. महापाषाणयुगीन माणसांनी आपल्या मृतांच्या दफनस्थळांभोवती काळ्या दगडांचे मोठे गोटे गोलाकार मांडले. त्यासाठी लागणारे गोटे बेसाल्टच्या झिजेने माळावर आयते तयार होते.

कामठीचा वालुकाश्म : बेसाल्टहून कितीतरी जुने गोंडवनी खडक कामठी, सिलेवाडा या भागांत दिसतात. लोहयुक्त, पिवळसर ते तांबूस वालुकाश्मांच्या या थरांना ‘कामठी शैलसमूह’ असे नाव आहे. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या जिभेसारख्या पानांचे ठसे सापडतात. हीच वनस्पती दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथील खडकांतही सापडते. हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते, या सिद्धांताला तिने मोठा आधार दिला. गोंडवनी खडकांतीलच कामठीहून जुन्या थरांत दगडी कोळसा आहे. कामठी व उमरेडच्या खाणी त्यावरच चालतात.

मनसर ते देवलापार : राष्ट्रीय महामार्गाने उत्तरेकडे निघाले की मनसरपासून टेकड्यांच्या रांगा सुरू होतात. या सौसर गटाच्या आहेत. २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून हे नाव आले. प्रोटेरोझोइक महाकल्पात साचलेला गाळ उष्णता व दाब यांनी पालटून क्वॉर्ट्‌झाइट, सुभाजा आणि संगमरवर बनला आणि त्याला घड्या पडल्या. मनसर, चोरबाहुली, जुनेवानी या गावांची नावे या गटातील निरनिराळ्या थरांना आहेत. रामटेकचा डोंगर याच गटातील आहे. चिवट क्वॉर्ट्‌झाइट सहज झिजत नाही, म्हणून तो मैदानातून उठून दिसतो. त्याच्या माथ्यावर गडमंदिर आणि वाकाटककालीन मंदिरे आहेत. संशोधक वा. वि. मिराशी यांनी ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असे प्रतिपादन केले.

देवलापार भागात संगमरवराचे पट्टे रस्त्यालगत दिसतात. तेथील थर उत्तरेकडून सरकत येऊन दुसऱ्या थरांवर चढले आहेत, अशी मांडणी भूवैज्ञानिक वि. डि. वेस्ट यांनी १९३६ मध्ये केली. ‘देवलापार प्रच्छद’ म्हणून ती ओळखली जाते. या रचनेच्या अर्थाबद्दल पुढच्या अभ्यासकांत मतभेद झाले, पण त्या चर्चेसाठी प्रत्येकाला याच टेकड्यांत यावे लागले.

मँगनीज व गोंडाइट : मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव येथील मँगनीजच्या खाणी सौसर गटातच आहेत. या व्यवसायासाठी १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. त्याच परंपरेतील मॉइल (पूर्वीची मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड) ही कंपनी १९६२ पासून नागपुरातून काम करते. खाणीजवळचा धातुकाचा लहानसा खडाही हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा जड लागतो आणि बोटे काळी करतो. धातुकाच्या सोबतीला गारगोटी व मँगनीजयुक्त गार्नेट यांचा खडक असतो. भूवैज्ञानिक सर ल्युइस फर्मर यांनी या प्रदेशातील गोंड लोकांवरून त्याला ‘गोंडाइट’ असे नाव दिले. पुढे परदेशांतील तशाच खडकांनाही तेच नाव लागले.

जतन : दृश्यांश ही खडकाची मूळ नोंद असते. संग्रहालयात ठेवलेला नमुना थरातली त्याची जागा सांगू शकत नाही; कोणत्या थरावर कोणता थर आहे, हे जागेवरच कळते. टाकळीचा परिसर शहराच्या विस्तारात आला आहे आणि बेसाल्टच्या टेकड्या गिट्टी व मुरुमासाठी फोडल्या जातात. अशा नावाजलेल्या जागांचे निदान एकेक छेद उघडे राखून तेथे माहितीफलक लावणे अगत्याचे आहे. गावाचे नाव ज्या थराला मिळाले, तो थर त्या गावातल्या मुलांना त्यांच्या गावातच पाहता आला पाहिजे.