हेलियम आणि आपले फुगे

भवानीनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावी ‘गॅसचा फुगा’ आपल्याला जत्रेत भेटतो. पुढे पुस्तकांत हेलियम भेटतो, आणि तो प्रथम आपल्याच आकाशात दिसला असे वाचून अभिमान वाटतो. हा अभिमान जरा तपासून पाहू.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेनने गुंटूरहून, तर जॉन हर्शेलने पटवर्धनांच्या जमखंडीहून सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. कोकणातील विजयदुर्गावर मात्र हेलियमच्या शोधाचे श्रेय किल्ल्यावरून ग्रहण पाहणाऱ्या लॉकियरला दिले जाते. वस्तुतः लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. ती पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरात तेथूनच अभ्यासली.

आपले मोठे फुगे तरी हेलियमचे आहेत काय? टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादहून सुटणारे पॉलिथिनचे अजस्र फुगे हायड्रोजनने भरले जात आले आहेत. हेलियम पेट घेत नाही, पण तो महाग आणि परदेशातून आणावा लागणारा; हायड्रोजन ज्वालाग्राही, पण येथेच तयार होणारा. जत्रेतला फुगाही बहुधा त्याचाच.

असा फुगा जमिनीवर पूर्ण भरत नाहीत. माथ्याशी थोडा वायू, खाली लोंबते रिकामे प्लास्टिक. वर दाब घटला की तोच वायू प्रसरण पावून सारा फुगा व्यापतो. खालीच तुडुंब भरलेला फुगा वाटेतच फुटेल. इतिहासाच्या अभिमानाचेही तसेच आहे, असे आम्हांस वाटते.