चंदनाचा शेजार : एका कविसंकेताची उलटतपासणी

रायपूर-बिलासपूर मार्गावरील दामाखेडा हे कबीरपंथाच्या धर्मदासी शाखेचे पीठ. गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या कबीराच्या एका श्लोकात चंदनाचे रोप पळसांनी वेढलेले आहे आणि सहवासाने तो पळसही चंदन होतो. भर्तृहरीच्या नीतिशतकात हाच संकेत मलयपर्वताच्या आश्रयाने येतो. तेथे कंकोळ, निंब आणि कुटज चंदनत्व पावतात. कबीराच्या या श्लोकात मलय नाही, माळरानावरचा पळस आहे. छत्तीसगढच्या वाचकाला पळस पुस्तकातून ओळखावा लागत नाही, एवढाच हा बदल. मूळ कल्पना तशीच राहिली.

या कल्पनेला वनस्पतिशास्त्राचा आधार मात्र नाही. चंदन अर्धपरोपजीवी आहे, हे जॉन स्कॉट यांनी 1871 मध्ये दाखवून दिले. शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून ते पाणी व क्षार ओढून घेते. सुगंधही शेजाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही. तो परिपक्व झाडाच्या गाभ्यात व मुळांत असतो, बाहेरचे पांढरे लाकूड निर्गंध असते. म्हणजे कवींनी ज्याला दाता ठरविले, तो वस्तुतः घेणारा आहे.

तेलाची कथाही याहून निराळी नाही. गाभ्याच्या भुकटीतून वाफेने काढलेले हे तेल दाट, फिकट पिवळे असते. त्यातील मुख्य घटक, अल्फा व बीटा सँटॅलॉल, सावकाश उडतात. म्हणून ते दुसऱ्याचा गंध धरून ठेवते. कनोजच्या देग-भपका पद्धतीत गुलाबाची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात येते, तेथे चंदनतेल आधीच वाट पाहत असते. अत्तराला नाव मिळते गुलाबाचे. (मराठीत ‘चंदनासारखे झिजणे’ रूढ झाले ते सहाणेवरून, भपक्यावरून आपली भाषा काही शिकली नाही.) म्हैसूर संस्थानाचे लाकूड तर दीर्घकाळ युरोपात जाऊन तेथे गाळले जाई. 1914 च्या युद्धाने ती बाजारपेठ तुटली, तेव्हा कोठे 1916 मध्ये म्हैसूरला सरकारी तेलकारखाना उभा राहिला.

या पार्श्वभूमीवर ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय पाहावा. खैर आणि चंदन ही लाकडे वेगळी कोणती, हा विचार ती दोन्ही अग्नीत एकत्र पडत नाहीत तोवरच उरतो, असे ज्ञानदेव म्हणतात. संदर्भ जातिभेदाचा आहे. शेजाराच्या संकेतात पळसाला उद्धारासाठी चंदन व्हावे लागते. चंदनाची श्रेष्ठता अबाधित राहते. ज्ञानदेवांच्या अग्नीत खैराला चंदन होण्याची गरज पडत नाही, आणि चंदनही चंदन राहत नाही. या दोन प्रतिमा भक्तिकाव्याच्या अभ्यासात ‘सत्संग’ या एकाच शीर्षकाखाली नोंदविणे मला चुकीचे वाटते. पहिलीत प्रवेशाची अट आहे, दुसरीत ती अट जळून जाते. कबीराच्या श्लोकातला पळस यांपैकी कोणत्या बाजूला उभा आहे, हे दामाखेड्याच्या पंथीय टीकापरंपरेतून तपासावयास हवे.