नगरच्या छावणीतले बोअर आणि न मोजलेली माणसे

आमच्या बारामती-इंदापूरकडून कामानिमित्त नगरला जाणारे बरेच. दौंड ओलांडले की नगर फार लांब वाटत नाही. नगर म्हटले की मला भुईकोट किल्ला, चाँदबीबी आणि १९४२ साली तिथे कैदेत असलेले मौलाना आझाद आठवतात. पण १९०१ साली याच नगरमध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणलेले युद्धकैदी होते, हे मला फार उशिरा कळले.

हे कैदी म्हणजे बोअर, डच वंशाचे शेतकरी. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताके. तिथे सोने सापडले आणि इंग्रजांची नजर फिरली. ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध पेटले, ते मे १९०२ पर्यंत चालले. पकडलेल्या बोअरांपैकी सुमारे नऊ हजार हिंदुस्थानात पाठवले गेले. नगरप्रमाणे साताऱ्यातही त्यांची छावणी होती.

त्याच काळात, १८९९-१९०० मध्ये, दख्खनमध्ये दुष्काळ होता. बारामती-इंदापूरच्या काही भागाला नीरा कालव्याचे पाणी होते. जिथे ते पोहोचत नव्हते, तिथे आभाळाकडे बघण्यावाचून इलाज नव्हता. लंडनमध्ये दुष्काळनिधी उघडला गेला, पण तो १८९७ च्या मानाने फारच कमी जमला. ब्रिटनचे लक्ष आणि देणग्या दोन्ही युद्धाकडे वळले होते. आफ्रिकेतल्या तोफांची झळ इथल्या उपाशी माणसाला अशी लागली.

गनिमी काव्याने लढणाऱ्या बोअरांना नमवण्यासाठी इंग्रजांनी त्यांची शेते जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तिथे सुमारे २८ हजार जीव गेले, त्यांत बहुतेक मुले. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने आपल्याच सरकारविरुद्ध आवाज उठवला, म्हणून हे जगाला कळले. काळ्या आफ्रिकींच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे किमान १४ हजार मेले. त्यांची नीट मोजदादही झाली नाही.

मला थांबवते ते पुढचे. १९१३ साली ब्लूमफाँटेनला बोअर बायकामुलांचे स्मारक उभे राहिले. त्यावर काळ्या मृतांचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी, बोअर सेनापती लुई बोथा पंतप्रधान असताना, जमीन कायदा आला आणि बहुसंख्य काळ्या लोकांच्या वाट्याला देशाची जेमतेम सात टक्के जमीन राहिली. १९४८ नंतर वर्णभेद हेच सरकारी धोरण झाले. रत्नागिरी-रायगडकडून केपटाउनला गेलेल्या कोकणी मुसलमानांनाही त्याचे चटके बसले. ज्यांची घरे इंग्रजांनी जाळली, त्यांच्याच वारसांनी इतरांची घरे उठवली.

जुलूम सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होतो, असे मला वाटायचे. बोअरांचा इतिहास वाचल्यावर ते वाटणे गेले. आपणही आपल्या समाजावरच्या अन्यायाचा हिशेब ठेवतो. तो ठेवायलाच हवा. पण त्या वहीत शेजारच्या वस्तीचे पान आहे का, हेही अधूनमधून उघडून पाहावे. बोअरांच्या वहीत ते पान नव्हते.

आता नगरला गेलो की किल्ल्यापाशी मला आझादांबरोबर ते बोअरही आठवतात. आणि त्यांच्यामागे, ज्यांची कुणी गणतीच केली नाही, ती माणसे.