शिष्यवृत्तीचा अर्ज आणि विद्यार्थी-सल्लागार : मीरा-भाईंदरच्या कार्यकर्त्यांसाठी

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कार सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण सर्वजण सांगतो. पण केळुस्कर गुरुजींचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे होते. पुढच्या शिक्षणाला घरात पैसे उरले नाहीत, तेव्हा तेच भीमरावांना सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ मध्ये त्याच बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. पैसा सयाजीरावांचा होता, पण त्या दारापर्यंत नेणारे केळुस्कर होते.

आज शिष्यवृत्ती मिळवण्यासाठी राजवाड्यात जावे लागत नाही. ती हक्काने मिळते. तरीही आपली अनेक मुले-मुली त्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना असतो, कोणाचे बँक खाते आधारशी जोडलेले नसते, तर कोणाचा अर्ज 'परत पाठवला' म्हणून महिनोन् महिने पडून असतो आणि त्याला पत्ताच नसतो. शेवटी महाविद्यालय फी मागते, घरी पैसे नसतात आणि शिक्षण सुटते. ही दरी भरून काढायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे मागच्याच वर्षी तो अर्ज भरलेला विद्यार्थी. अशा विद्यार्थी-सल्लागाराने काय जाणून घ्यावे, काय करावे आणि काय करू नये, याची माहिती या लेखात दिली आहे.

हक्क कुठून आला

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना, बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. उच्च शिक्षणासाठी सरकारी मदत ही त्यातली एक प्रमुख मागणी होती. त्यातून वार्षिक ३ लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळू लागली. आज आपण ज्याला 'जीओआय' किंवा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो, ती हीच.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नवबौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्याच्या सवलती नवबौद्धांना लागू झाल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या व्याख्येत बौद्धांचा समावेश व्हायला मात्र १९९० उजाडले. ही शिष्यवृत्ती म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही, हे सल्लागाराने पहिल्या भेटीतच सांगावे. लाजत बसलेला विद्यार्थी प्रश्न विचारत नाही आणि न विचारलेला प्रश्नच अर्ज अडवतो.

कोणत्या योजना माहीत हव्यात

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, अकरावीपासून पदव्युत्तर आणि त्यापुढील शिक्षणापर्यंत. यात शिक्षण शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा वार्षिक भत्ता अकरावी-बारावीला २,५०० रुपये, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी ३,००० रुपये आणि अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक पदवीला ७,००० रुपये आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांचा भत्ता जास्त आहे. एकाच घरातली सर्व भावंडे पात्र ठरतात. पण बी.ए. झाल्यावर पुन्हा बी.कॉम.ला प्रवेश घेतला, म्हणजे त्याच पातळीवर दुसरा अभ्यासक्रम घेतला, तर ती मिळत नाही.

फ्रीशिप : उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची ही राज्य योजना आहे. 'वडिलांना पगार जास्त आहे, आम्हाला काही मिळत नाही' असे म्हणून अनेक पालक अर्जच करत नाहीत. त्यांना ही योजना आवर्जून सांगावी.

स्वाधार योजना : भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही योजना बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी आहे. मीरा रोडला आईवडिलांच्या घरी राहून शिकणाऱ्याला ती लागू होत नाही, पण भाईंदरहून पुण्याला किंवा नागपूरला गेलेल्याने जरूर चौकशी करावी.

इथे एक गल्लत नेहमी होते. बौद्ध समाज राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित अल्पसंख्याकही आहे. त्यामुळे पोर्टलवर अल्पसंख्याकांच्या योजनाही दिसतात आणि विद्यार्थी घाईत त्यातली एखादी भरून मोकळा होतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. म्हणून आधी दोन्हींचा हिशोब कागदावर मांडावा आणि मगच बटण दाबावे.

मीरा-भाईंदरची खास अडचण : तीन जिल्हे

२०११ च्या जनगणनेनुसार ८ लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर ठाणे जिल्ह्यात आहे. पण पश्चिम रेल्वेवर एक स्टेशन मागे दहिसर, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा. आणि खाडीपुढे नायगाव-वसई, म्हणजे २०१४ पासून पालघर जिल्हा. आपली मुले भाईंदर-मीरा रोडच्या महाविद्यालयांत शिकतात, तशीच बोरिवली-कांदिवलीला आणि वसईलाही जातात.

याचा परिणाम असा की कागद एका जिल्ह्याचे आणि अर्ज दुसऱ्या जिल्ह्यात. उत्पन्नाचा दाखला राहत्या ठिकाणच्या, म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या तहसील यंत्रणेकडून मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र महाविद्यालय ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जातो. कांदिवलीला शिकणाऱ्या मुलीने ठाण्याच्या कार्यालयात खेटे घातले, तर तिथे तिचा अर्ज सापडणारच नाही.

जातीच्या दाखल्याचा रस्ता तर आणखी लांबचा. आपल्या शहरातली बरीच बौद्ध कुटुंबे कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या वेळी आजोबा-पणजोबा ज्या गावी राहत होते, तिथल्या उपविभागात पुरावे आणि दाखला मिळवावा लागतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात कोणाचे 'बौद्ध', कोणाचे 'नवबौद्ध', तर आजोबांच्या नोंदीत 'महार' असते. हा फरक खोटेपणा नाही, आपला इतिहास आहे. धर्मांतरित बौद्धांसाठी दाखल्याचा स्वतंत्र नमुनाही आहे. मात्र नोंदींची ही साखळी जुळवायला वेळ लागतो. म्हणून मे महिन्यात गावी गेल्यावरच आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा काढून आणावा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच करावा.

अर्ज कुठे अडतो

महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज तीन टप्प्यांतून जातो : विद्यार्थी, महाविद्यालय, समाजकल्याण कार्यालय. सल्लागाराने प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा : आता अर्ज कोणाकडे आहे? नेहमीची कारणे अशी :

१. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक पासबुक यांवर नावाचे स्पेलिंग वेगवेगळे.

२. बँक खात्याला आधार जोडलेले, पण थेट लाभासाठी ते खाते नोंदलेले नाही. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. दोन खाती असतील, तर पैसे कोणत्या खात्यात येणार हे तपासावे.

३. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली.

४. पासवर्ड विसरल्यामुळे दुसरे खाते उघडलेले.

५. पहिल्या वर्षी अर्ज मंजूर झाला म्हणून दुसऱ्या वर्षी नूतनीकरणच केले नाही.

६. त्रुटीसाठी अर्ज परत आला, पण नोंदवलेला मोबाईल नंबर सायबर कॅफेवाल्याचा.

७. हजेरी ७५ टक्क्यांहून कमी.

८. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला. हे प्रवेशाआधीच सांगायला हवे, नंतर उपाय नाही.

आलेला पैसा कोणाचा

२०२१ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यात महाविद्यालयाची फीही असते. घरात कोणी आजारी असते, भाडे थकलेले असते आणि अचानक खात्यात मोठी रक्कम दिसते. ती खर्च होते. मग परीक्षेच्या तोंडावर किंवा गुणपत्रिका घेताना फीची थकबाकी समोर येते.

ही गोष्ट परिपत्रक वाचून समजत नाही, आपल्यासारख्याच घरातल्या मुलाने सांगितली की समजते. निर्वाह भत्ता आपला आणि शुल्काची रक्कम ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयाला द्यायची, हे पालकांसमोर बसून सांगावे. दुसऱ्या बाजूने, पात्र विद्यार्थ्याला आधी पूर्ण फी भरल्याशिवाय प्रवेशच नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते तोंडी ऐकून परत येऊ नये. लेखी मागावे आणि समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. त्याच केंद्रीय सूचनांमध्ये, आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून 'फ्रीशिप कार्ड'ची तरतूद आहे.

सल्लागाराने काय करू नये

विद्यार्थी-सल्लागार हा एजंट नाही. पुढचे नियम भिंतीवर लावावेत :

एक रुपयाही घेऊ नये, चहापाण्याचासुद्धा नाही. ओटीपी आणि पासवर्ड विद्यार्थ्यानेच टाकावा. कोणाच्या कागदांचे फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवू नयेत. उत्पन्न कमी दाखवण्याचा सल्ला कधीही देऊ नये. त्याची किंमत पुढे विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. 'मिळेलच' असे वचन देऊ नये. कोणाची जात, उत्पन्न, घरची भांडणे बाहेर बोलू नयेत. माहीत नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणावे आणि खरेच विचारून सांगावे. सम्यक वाचा आणि सम्यक आजीविका यांचा रोजच्या कामातला अर्थ याहून वेगळा नाही.

आधीचे दाखले

वर्ध्यात अनुप कुमार यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली नालंदा अकादमी दलित, आदिवासी, बहुजन मुलांना विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये यवतमाळमधून उभ्या केलेल्या एकलव्य संस्थेने पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित विद्यापीठे आणि शिष्यवृत्त्यांपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. आधी गेलेल्याने मागच्याला वाट दाखवावी, हेच दोन्हींचे सूत्र.

हक्क कमी होत असेल तर ते आधी कोणाला कळते? अर्ज भरणाऱ्यांना. फेब्रुवारी २०१८ मध्ये देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची वसतिगृह व भोजन शुल्कातली सवलत काढल्यावर विद्यार्थी संपावर गेले आणि तो संप तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीच्या केंद्रांपर्यंत पोहोचला. कोणाच्या खात्यात काय येते आणि कोणाकडून काय मागितले जाते याचा नेमका हिशोब हाती असेल, तर मागणीला वजन येते. सल्ल्याचे काम आणि चळवळ वेगळी नाहीत.

अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने गरजू विद्यार्थ्यांना विद्यापीठातच अर्धवेळ, मानधनाचे काम मिळू लागले. तिथल्या अनेक मदत कार्यालयांत पहिली विचारपूस विद्यार्थीच करतात. आपल्याकडेही सामाजिक न्याय विभागाने महाविद्यालयांत 'समान संधी केंद्र' सुरू करायला सांगितले आहे. आपल्या महाविद्यालयात ते आहे का, त्यात विद्यार्थी आहेत का, हे प्राचार्यांना विचारा. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम करावे लागते. त्यातले काही तास या कामाला धरावेत, अशी मागणी करता येईल.

आपल्या विहारात सुरुवात

यासाठी निधी लागत नाही. विहारात किंवा भारतीय बौद्ध महासभेच्या शाखेत रविवारचे दोन तास, एक टेबल, एक वही आणि तीन विद्यार्थी पुरेसे आहेत. तिघांपैकी एक ठाणे, एक मुंबई उपनगर आणि एक पालघर जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचा असावा. निदान एक मुलगी असावीच, म्हणजे मुली मोकळेपणाने येतील. वहीत चार रकाने : नाव, योजना, अर्ज कोणाकडे आहे, पुढची तारीख. वही विहारातच राहावी.

एप्रिल-मे कागद जमवण्यासाठी, जून-जुलै प्रवेशासाठी आणि पोर्टल सुरू झाले की अर्जांसाठी. त्यानंतर महिन्यातून एकदा प्रत्येक अर्जाची स्थिती पाहावी. सल्ल्याने सुटत नसेल तर लेखी अर्ज, त्यावर पोच, आणि गरज पडली तर माहितीचा अधिकार. त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

आणि वहीत नाव असलेल्या प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागावी : पुढच्या वर्षी त्याने त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसावे.

जयभीम.