कुंपण आणि दरबार

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही पत्त्यात येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची ती खूण. १९११ च्या नव्या कायद्यानंतर, जन्मावरून गुन्हेगार ठरवलेली कुटुंबे येथे तारेच्या कुंपणाआड आणली गेली. गिरणीत काम मिळे, पण हजेरी सुटत नसे. या वसाहतीची व्यवस्था सरकारने अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवली. मिशनने केलेल्या शिक्षणकार्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या श्रोत्याला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढील उपदेशाला धर्मप्रसार म्हणावे काय?

याच मिशनचे एक सेवक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथील वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. वर्गात आपण टिळकांच्या अभंगांची गोडी शिकवतो. ही अट काढून टाकण्यामागचे धाडस मात्र (माझ्यासह) बहुतेक शिक्षक गाळतात.

१९१९ मध्ये टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही; कुंपण टिकले. १९५० मध्ये राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला, तेव्हाही गुन्हेगार जमातींचा केंद्रीय कायदा जिवंतच होता. तो रद्द झाला १९५२ मध्ये.