सोबती जमवणाऱ्या यंत्राची कुळकथा

‘डेडमाइन्ससाठी हीलर हवा, एकच जागा उरलीय!’ नोव्हेंबर २००४मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम आला, तेव्हा त्यातल्या स्टॉर्मविंड शहराच्या चॅटवर अशा हाका अखंड चालत. डेडमाइन्ससारख्या डन्जनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या भुयारात, उतरायला पाच जण लागत: घाव अंगावर घेणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि मारा करणारे तिघे. ते जमले की दारापर्यंत पायपीट. संध्याकाळ तयारीतच सरे.

ही पद्धत त्याहून जुनी. १९९१मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड हा नुसत्या मजकुराचा गेम काढला. त्यात गट बांधायचा तर तशी आज्ञा टाइप करावी लागे. १९९९च्या एव्हरक्वेस्टने तो साचा त्रिमितीत आणला आणि गटावाचून बहुतेकांचे पान हलेना. तिथे मेलात तर सामान प्रेतापाशीच राही, कमावलेला अनुभवही घटे. मेलेल्याला उठवून तो अनुभव बराचसा परत मिळवून देणारा एखादा क्लेरिक (पुरोहित) ओळखीचा असणे, ही मोठी पुंजी होती.

वॉरक्राफ्टने २००५मध्येच गट जमवण्याचे काम यंत्राला देऊन पाहिले. डन्जनच्या दाराशी ‘मीटिंग स्टोन’ नावाचे दगड उभे केले. तिथे नाव नोंदवायचे, जोडीदार यंत्र देणार. खेळाडूंनी ते फारसे वापरलेच नाहीत. पुढे ते दगड दूरच्या सोबत्याला झटक्यात बोलावून घेण्यापुरते राहिले.

मग ८ डिसेंबर २००९ला ३.३ या पॅचसोबत, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीसोबत, डन्जन फाइंडर आला. भूमिका निवडायची आणि रांगेत लागायचे. यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरांवरचे, म्हणजे खेळाच्या स्वतंत्र जगांतले, पाच जण गोळा करी आणि थेट डन्जनच्या आत नेऊन सोडी. नोकरी-संसार सांभाळून तासभर खेळणाऱ्यांना, ओस पडत चाललेल्या सर्व्हरांवरच्यांना आणि चॅटवर हाक मारायला लाजणाऱ्यांना खेळाचे दार उघडले. हे उपकार नाकारता येणार नाहीत.

तरी एकेका सर्व्हरावर ओळखीपाळखीचे जे गाव वसले होते, ते मोडले त्याच पॅचने. दोष यंत्राला दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. मीटिंग स्टोनही यंत्रच होते, पण ते आपल्याच सर्व्हरावरची माणसे जोडी. सर्व्हर एकच असला की नाव टिके. लूट हडपून पळालेल्याची बातमी गिल्डांमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या संघांमध्ये, फिरे आणि त्याला पुन्हा कोणी घेत नसे. चांगल्या टँकला लोक आठवण ठेवून व्हिस्पर, म्हणजे खासगी निरोप, करत. फाइंडरने आणलेला सोबती मात्र परक्या सर्व्हराचा. अर्ध्या तासाने तो कायमचा जाई. त्याच्याशी बोलून किंवा भांडून मागे काहीच उरत नसे, म्हणून लोक बोलेनासे झाले. अनोळखी चौघांची जबाबदारी घ्यायला टँक तर इतके नाखूष, की २०११मध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीला कमी पडणाऱ्या भूमिकेसाठी जादा बक्षिसाची थैली द्यावी लागली.

२०१९मध्ये जुना खेळ ‘क्लासिक’ नावाने परत आला, तो फाइंडरशिवाय. २०२२मध्ये त्याच मालिकेतला ‘रॅथ’ आला, तेव्हाही निर्मात्यांनी फाइंडर मुद्दाम वगळला. खेळाडूंत उभी फूट पडली आणि २०२३मध्ये तो परत आणावा लागला. काढून टाकणे हा उपाय नव्हताच. नवे गेम बांधणाऱ्यांनी रांग जरूर ठेवावी. फक्त शोध आधी खेळाडूच्या स्वतःच्या सर्व्हरावर घ्यावा, आणि तिथे कोणी मिळालेच नाही तर बाहेर जावे.