रक्ताभिसरणाच्या शोधातील मुके साक्षीदार



विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा शोध लावला, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. त्याचा छोटेखानी लॅटिन ग्रंथ १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात हृदय आणि रक्त यांच्या 'प्राण्यांमधील' गतीचा उल्लेख आहे. माणसाचे नावही तेथे नाही. पाठ्यपुस्तकांनी हा शब्द गाळला, आणि माझ्या मते त्याबरोबर शोधाचे मर्मही गाळले.

हार्वेच्या आधी सुमारे चौदा शतके गेलनचे मत प्रमाण मानले जात होते. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांमधून सर्वांगाला पोचते आणि तेथेच खर्च होते. हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून त्याचा काही अंश डावीकडे झिरपतो, असे ते मत. ती छिद्रे कोणाला दिसली नव्हती, तरी ती आहेत यावर एकमत होते! गेलननेही डुकरे आणि माकडे चिरली होती, हे येथे सांगितले पाहिजे. पण एका प्राण्यात दिसले ते दुसऱ्यात गृहीत धरणे वेगळे, आणि अनेक प्राणी शेजारी ठेवून त्यांतील भेदांना प्रश्न विचारणे वेगळे.

हार्वेने हे दुसरे काम केले. जिवंत कुत्र्याचे हृदय उघडून पाहावे, तर ते इतक्या झपाट्याने हालते की आकुंचन कोणते आणि प्रसरण कोणते, हेच कळेना. ही गती एका ईश्वरालाच ठाऊक असावी, असे वाटण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. मग तो बेडूक, साप, लहान मासे, गोगलगायी अशा थंड रक्ताच्या जिवांकडे वळला. त्यांचे हृदय संथ चालते. टेम्स नदीत आणि समुद्रात सापडणारी एक पारदर्शक कोळंबी पाण्यात ठेवून तिचे धडधडणारे हृदय, खिडकीतून पाहावे तसे, त्याने मित्रांना दाखविले.

सापावरचा त्याचा प्रयोग मला सर्वांत सुंदर वाटतो. हृदयाकडे येणारी नीला चिमटीत धरली, की हृदय फिकट पडून आकसते. हृदयातून निघणारी रोहिणी बांधली, की तेच फुगून काळसर जांभळे होते. रक्त कोठून येते आणि कोठे जाते, याचा याहून सरळ पुरावा कोणता? पुढे हिशेब आला. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजारच ठोके मोजले, तरी पाचशे औंस होतात. इतके रक्त अन्नातून सतत निर्माण होणे अशक्य. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे.

माशाला फुप्फुसे नाहीत आणि त्याच्या हृदयाला जवनिका एकच. त्यामुळे रक्ताचा मार्ग तेथे उघड दिसतो. माणसात तो फुप्फुसांमुळे झाकला गेला आहे. म्हणूनच केवळ माणसाचे, तेही मेलेल्या माणसाचे, शरीर पाहणाऱ्यांवर हार्वेने टीका केली. एकच राज्य पाहून सर्व राज्यांचे शास्त्र रचणाऱ्याची उपमा त्याने त्यांना दिली.

तरी रोहिणीतील रक्त नीलेत कसे शिरते, हे हार्वेला दिसले नाही. १६५७ साली तो वारला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीतील मालपिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या, त्या बेडकाच्या पातळ, पारदर्शक फुप्फुसात. या कामी बेडकांची जवळजवळ सारी जातच आपण खर्ची घातली, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पुढील दोन शतकांत या साक्षीदारांची संख्या वाढत गेली. झुरळात हवा नळ्यांवाटे थेट पेशींपर्यंत पोचते. त्यामुळे त्याच्या रक्तावर प्राणवायू वाहण्याचा भार नाही आणि ते लालही नाही. अष्टपादाला तीन हृदये असतात. त्याचे रक्त निळे दिसते ते तांबेयुक्त द्रव्यामुळे. फ्रेडरिक या बेल्जियन शास्त्रज्ञाने १८७८ साली त्याला हिमोसायनिन हे नाव दिले. पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे रक्त लालच असते, हा नियम मात्र पक्का समजला जाई.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेचे देवमासे मारणारे खलाशी दक्षिण समुद्रातील 'रक्तहीन' माशाच्या गोष्टी सांगत. योहान रूड या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने त्या ऐकल्या आणि अर्थातच खऱ्या मानल्या नाहीत. रूस्टॅड या त्याच्याच देशबांधवाने १९२७ साली बुव्हे बेटाजवळ पांढऱ्या कल्ल्यांचा असा मासा पकडलाही होता. तरी रूडने साउथ जॉर्जिया बेटावर जाऊन तो मासा तपासला, तो १९५३ साली. रक्त पाण्यासारखे निघाले. त्यात तांबड्या पेशी नव्हत्या, हिमोग्लोबिनही नव्हते. अतिथंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. तो नुसत्या रक्तद्रवातून वाहून नेला जातो, आणि त्यासाठी या माशाचे हृदय मोठे व रक्तही भरपूर असते. १९५४ साली रूडने हे 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केले. आपण एके काळी खलाशांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नव्हता, हेही त्याने लपविले नाही.